चार फ्यूज आणि एक जावई

मेकॅनिकला फोन करायचा नाही, असं मी ठरवलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

झालं होतं इतकंच, की सकाळी आमच्या गाडीचे मागचे दिवे गेले. दोन्ही, शिवाय नंबरप्लेटवरचा. एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, मागचं आपल्याला कुठे दिसतंय! पण त्याच दिवशी चार वाजता बायकोची ड्रायव्हिंगची टेस्ट होती. तिसरी. बायको नर्स आहे. सोमवारपासून गाडी घेऊन घरोघरी पेशंट बघायचं काम तिला मिळणार होतं, पण लायसन्स हातात असेल तरच. नाहीतर ते काम दुसरीला. आणि टेस्ट घेणारे साहेब असे, की आधी गाडीभोवती फेरी मारणार, एकेक दिवा लावून बघणार आणि एक जरी बंद दिसला तरी आल्या पावली परत पाठवणार.

"अहो, मेकॅनिकला बोलवा ना," बायको म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"फ्यूज उडालाय, दुसरं काय! पाच मिनिटांचं काम," मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात तीनदा बोललोय. पहिल्या दोन वेळी अनुक्रमे नळ आणि मिक्सर गेला.)

घरात सुटे फ्यूज चार होते. मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ऐसपैस बसलो, वाकून एक फ्यूज बसवला आणि बायकोला दिव्यांचं बटण दाबायला सांगितलं. फट्. दुसरा बसवला. फट्. तिसरा देवाचं नाव घेऊन बसवला. देवाचं लक्ष नव्हतं.

"आता फ्यूजच्या जागी सरळ तारेचा तुकडा घालतो," मी म्हणालो.

"गाडीला अग्नी द्यायचा असेल तर जरूर घाला, जावईबापू!" पाठीमागून आवाज आला. सासरे. वीज कंपनीत पस्तीस वर्षं लाइनमन होते. मुलीची टेस्ट म्हणून मुद्दाम आले होते आणि तोवर दारातल्या खुर्चीवर बसून माझा कार्यक्रम बघत होते. "वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. आधी ती जागा शोधा. चौथा फ्यूज खिशात ठेवा."

मग त्यांनी गाडीतले पुढचे-मागचे त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढून ठेवले आणि एका बल्बला दोन वायरी जोडून तो फ्यूजच्या जागी लावला. मी सीटवर होतोच. बायकोने बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला.

"पेटला! पेटला!" मी टाळ्या वाजवल्या.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी देताना घाई झाली, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "पेटला म्हणजे शॉर्ट आहे. विझेल तेव्हा शॉर्ट सुटला. तेव्हा वाजवा टाळ्या."

मी उतरून डिकीकडे गेलो आणि स्टेपनी उचलली.

"विझला!" बायको आतून ओरडली.

मी अक्षरशः उडालो. "स्टेपनीच! मला वाटलंच होतं!" धावत येऊन सीटवर बसलो, तर बल्ब पुन्हा लख्ख.

"कुणी हात लावला?"

"कुणीही नाही."

पुन्हा डिकीकडे गेलो. या वेळी जॅक काढला. "विझला!" परत येऊन बसतो, तो पेटलेला. मग मी इरेला पेटलो. डिकीतलं कार्पेट काढलं, आतलं अस्तर काढलं, एका दिव्याची काच काढली (फुटली नाही, फक्त तडा गेला). स्क्रू ठेवायला स्वयंपाकघरातल्या सहा वाट्या आणल्या. दर वेळी आतून "विझला!" आणि दर वेळी मी येऊन बसलो की पेटलेला. घड्याळात पावणेतीन. बायको ओठ चावत बल्बकडे बघत होती. मग एकदम म्हणाली,

"बाबा, हे बसले की पेटतो. उठले की विझतो."

"काहीतरीच!" मी म्हणालो.

"बसा," सासरे म्हणाले. बसलो. पेटला.

"उठा." विझला.

"बसा. उठा. बसा." शाळेत काढल्या नव्हत्या तेवढ्या उठाबशा मी त्या दुपारी काढल्या. मग खात्री करायला बायको त्या सीटवर बसली. बल्ब विझलेलाच. सासरे बसले. विझलेलाच. मी नुसता टेकलो, तर पेटला.

"वजन किती आपलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"वजनाचा इथे काय संबंध?"

संबंध होता. मागे जाणारी वायर क्लिपमधून निसटून सीटच्या लोखंडी पट्टीखाली गेली होती. मी बसलो की पट्टी दबायची आणि सोललेली वायर बॉडीला टेकायची. सासऱ्यांनी दहा मिनिटांत वायर बाहेर ओढली, टेप गुंडाळली, क्लिपमध्ये बसवली. सगळे बल्ब परत लावले, तडकलेली काचही बसवली. चौथा फ्यूज घातला. मी सीटवर बसून चांगला उसळलो, तरी दिवे चालू! बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कमरेमुळे.

साडेतीन वाजले होते. मी ऐटीत सीटबेल्ट लावला.

"उतरा," बायको म्हणाली.

"अगं, वायर दुरुस्त झाली ना!"

"हो, वायर झाली. बाबा, तुम्ही बसा पुढे."

ती दोघं गेली. मी सहा वाट्यांतले स्क्रू घेऊन दारात बसलो आणि देवाला विनवण्या करत राहिलो. या वेळी देवाचं लक्ष असावं. कारण साडेपाचला गाडी फाटकात वळली ती हॉर्न वाजवत. पास! मला इतका आनंद झाला, की मी एक वाटी सांडली.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आज हात अगदी स्थिर आहे तुमचा. आणि विचारलं, मागच्या दोन्ही वेळी कठड्यापाशी उभा राहून तुम्हाला सारखे हातवारे करणारा तो माणूस आज आला नाही वाटतं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

बायकोने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"म्हटलं, कोण होता कुणास ठाऊक."