छत्तीस फिकी वर्तुळे

माणसाची प्रगती तो कशावर चालतो यावरून नव्हे, तर कशावर इतरांना चालू देत नाही यावरून मोजली पाहिजे. या निकषावर पुढील घर परिसरात पहिल्या क्रमांकाचे ठरते.

घर तळमजल्याचे आहे आणि मालकांनी ते स्वतः बांधले आहे. (म्हणजे गवंडी बांधत असताना मालक रजा टाकून त्याच्या मागे उभे राहत.) मालक डब्यांची झाकणे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहेत. झाकणावर ओरखडा आहे की नाही, हे ते गेली बावीस वर्षे पाहत आले आहेत. त्या झाकणाने डबा बंद होतो की नाही, हे पाहण्याचा विभाग वेगळा आहे.

घर बांधण्याचे कारण एकच होते: मालकांची आई, वय अठ्ठ्याहत्तर. कुटुंब तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आई वॉकर धरून घरातल्या घरात चालत, पण जिना उतरून त्यांना चौदा महिने झाले होते. त्यांची मागणी साधी होती. रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, आणि तिथवर आपल्या पायांनी जाता येईल एवढी सपाट जमीन.

सपाट जमीन काँक्रीटची करायचे ठरले. पूर्वी याच वस्तूला कोबा म्हणत आणि पाहुणे येणार असले की त्यावर सतरंजी अंथरत. आता सतरंजी माळ्यावर जाते आणि कोब्यावर ॲसिड स्टेन होतो. त्याची कृती थोडक्यात अशी. काँक्रीटवर आम्लात कालवलेले क्षार फवारायचे. ते फसफसतात आणि काँक्रीटमधल्या चुन्याशी त्यांचे काहीतरी होऊन कायमचे डाग पडतात. मग सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचे, फरशी धुवायची आणि वर सीलरचे तीन हात द्यायचे, म्हणजे डागांवर डाग पडत नाहीत. डाग जाईना म्हणून जिने अर्धे आयुष्य फरशी घासली, त्या गृहिणीने हे सर्व कौतुकाने पाहावे अशी अपेक्षा असते.

हे काम करणारे गृहस्थ स्टेनवाले म्हणून ओळखले जातात. काम घेण्यापूर्वी ते एक छापील पत्रक देतात. त्यातील मुख्य अटी:

(१) रंगाची हमी नाही.
(२) जो रंग येईल तोच मागितला होता असे समजावे.
(३) रंग फिका आल्यास त्यास 'नैसर्गिक' म्हणावे, गडद आल्यास 'भारदस्त', आणि न आल्यास 'संयत'.
(४) काँक्रीट काही विसरत नाही. त्यावर पूर्वी पडलेले तेल, गोंद, रबर इत्यादी स्टेननंतर दिसू लागेल. तक्रार ऐकली जाईल.

(ऐकल्यानंतर काय होईल, हे पत्रकात नाही.)

मालकांनी पत्रकावर सही केली. आयुष्यभर एकही खोट पुढे जाऊ न दिलेल्या माणसाने स्वतःच्या घरासाठी, निकाल कसाही आला तरी तो पास धरायचा, अशी पद्धत निवडली. याला मनाचा मोठेपणा म्हणतात. तो सही करण्यापुरता टिकला.

पुढची घटना काँक्रीट घोटून झाल्याच्या तिसऱ्या दिवशी घडली. घर एकदा डोळ्यांनी पाहायचे, असा आईंनी हट्ट धरला. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणले. नव्या घराच्या दारात त्या खुर्चीतून उठल्या.

"वॉकर द्या इकडे," आई म्हणाल्या.

"आई, काँक्रीट अजून ओलसर आहे," मालक म्हणाले.

"मी पण काही फार सुकलेली नाही अजून. सरक."

त्या चालल्या. दारापासून खिडकीपर्यंत वॉकर नऊ वेळा उचलला गेला आणि नऊ वेळा टेकला. समोर शिंप्याचे दुकान होते, एक बस थांबत होती, कोणीतरी कोणाशी सायकलच्या चेनवरून भांडत होते. आई वीस मिनिटे उभ्या राहिल्या, भांडण संपल्यावर हळहळल्या, आणि म्हणाल्या, "झकास आहे. कधी यायचं?"

"पंधरा दिवस," मालक म्हणाले. "महिना धर फार तर. नुसती फरशी राहिली आहे."

परतीचा प्रवास खुर्चीतून झाला. तपशील क्षुल्लक वाटेल, पण पुढील तांत्रिक अहवालात त्याला महत्त्व आहे.

अठ्ठावीस दिवस पाणी मारून, वाळवून, स्टेन झाला. रंग उत्तम आला. भिजलेल्या चामड्यासारखा, मध्ये तांबूस ढग, कडेला काळपट झाक. फक्त दारापासून खिडकीपर्यंत, चार-चारच्या नऊ गटांत, रुपयाएवढी छत्तीस फिकी वर्तुळे उमटली. वॉकरच्या पायांना रबरी टोपणे असतात. ती जिथे टेकली होती तिथे ॲसिडने काँक्रीटला ओळख दिली नाही.

"चौथी अट," स्टेनवाले म्हणाले.

मालकांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने आईला दुसऱ्या दिवशी राहायला आणले असते. मालकांनी भिंग आणले.

त्यानंतरच्या पाच महिन्यांचा गोषवारा: मशीनने घासणे, दोन वेळा. पुन्हा स्टेन, तीन वेळा. प्रत्येक वर्तुळ बारीक ब्रशने हाताने भरणे, एकदा. (भरलेली वर्तुळे गडद झाली, म्हणून पुन्हा घासणे.) नमुन्याचे तुकडे, एकवीस. आई चालल्या तो मार्ग पुसून टाकण्याचे हे सर्व काम आईंना चालता यावे म्हणून चालले होते, आणि मालकांना ते तसेच दिसत होते.

तिसऱ्या मजल्यावरून रोज फोन येई.

"काय रे, झाली का फरशी?"

"आई, ॲसिड मारतोय सध्या."

"अरे, मग मेलं की नाही अजून? पाच महिने कोण एवढं तग धरतं. मी सोडून."

मालकांच्या पत्नींनी एकदा, फक्त एकदा, मत नोंदवले. "अहो, त्यांना फरशीवरून चालायचंय. फरशीत तोंड बघायचं नाहीये."

हे मत गैरतांत्रिक असल्याने विचारात घेतले गेले नाही.

अखेर स्टेनवाल्यांनी हात टेकले आणि वर्तुळे राहिली. मालकांनी नाइलाजाने सीलर द्यायला सांगितले. तीन हात ठरले होते. मालकांनी पाच देवविले. फरशी अशी झळकली की दिवा लावल्यावर घरात दोन दिवे दिसू लागले. आणि आई राहायला आल्या.

दारात त्या पुन्हा खुर्चीतून उठल्या. वॉकर पुढे केला. मालक आडवे आले. (अक्षरशः नव्हे; मात्र त्याचीही तयारी असावी.)

"आई, वॉकर नको. रबराने सीलर उठतो."

"मग कशी जाऊ खिडकीत?"

"सीलर पिकू दे, पुरता कडक होऊ दे. एक महिना."

"आणि वॉकर न घेता गेले तर?"

"घसरशील."

आईंनी खिडकीकडे पाहिले. खिडकी चौदा फुटांवर होती. "वर होते तेव्हा निदान जिन्याला नावं ठेवता येत होती," त्या म्हणाल्या.

त्यांची व्यवस्था मागच्या खोलीत करण्यात आली. ती मूळ नकाशात सामानाची खोली आहे. तिथे स्टेन केलेला नाही. उरलेल्या खडबडीत टाइल्स बसवल्या आहेत. वॉकर तिथे उत्तम चालतो. खोलीला झरोका असून त्यातून पाण्याची टाकी दिसते. टाकी भरून वाहू लागली की आई ओरडून सांगतात, त्यामुळे घराला त्यांचा उपयोगही होतो. खोलीतून घराच्या मागच्या बाजूला जायला दार आहे. पुढे येण्याचा मार्ग मात्र फरशीवरूनच आहे. महिन्याने सीलर पिकला. मग असे कळले की सीलर दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो पिकावा लागतो, आणि पिकलेला सीलर वापरून खराब करणे हे कोणत्याही तपासनिसाला पटणारे नाही.

फरशी पाहायला आजवर एकशे बारा लोक येऊन गेले. त्यांना पायमोज्यांवर आत सोडले जाते. अभिप्रायांची वही दाराशी आहे. तिचे वर्गीकरण असे: 'अप्रतिम', एकाहत्तर, 'भारदस्त', एकोणीस, 'चालायला जीव होत नाही', बावीस. शेवटचा अभिप्राय मालकांना विशेष आवडतो.

आणि एक गोष्ट घडली, जिची मालकांनी अपेक्षा केली नव्हती. पाहुण्यांना सर्वांत जास्त आवडली ती वर्तुळे. दारातून निघून, थोडी वाकडी होत, मध्ये एकदा थबकून, खिडकीशी दाट झालेली.

"ही नक्षी कोणाची हो?" मोज्यांवर उभ्या एका बाईंनी विचारले.

मालक बोलण्यापूर्वी मागच्या खोलीतून आवाज आला, "माझ्या वॉकरची."

"आजींनाही आवडलेली दिसते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोटो घेतला.

मालकांनी नक्षीला आता हरकत घेणे सोडले आहे. एकशे बारा जणांनी पास केलेली वस्तू नापास करणे हे त्यांच्या अधिकारात बसत नाही. स्टेनवाल्यांनी पत्रकात पाचवी अट घातली आहे: 'मंद पावले' नावाची खास नक्षी मागणीनुसार करून मिळेल. त्यासाठी त्यांनी एक वॉकर विकत घेतला आहे आणि तो दारापासून खिडकीपर्यंत चालवायला धडधाकट गुडघ्यांचा एक माणूस ठेवला आहे. तो काम चोख करतो; मध्ये एकदा थबकतोसुद्धा. खिडकीशी गेल्यावर तो बाहेर पाहत नाही, कारण तेवढा वेळ नसतो.

अठरा घरांची नोंदणी झाली आहे. घरात म्हातारे माणूस असण्याची अट नाही. असल्यास काम पिकेपर्यंत त्याची सोय मागच्या खोलीत करावी.

हे वाचताना आपण एकदा तरी पायाखालच्या फरशीकडे पाहिले असेल. शेजारच्या खोलीत कोण बसले आहे, तिकडे पाहिले नसेल. अशा ग्राहकांना नोंदणीत प्राधान्य आहे.