निळ्या पट्ट्यांवरचा शॉट

एक शॉट घ्यायला अक्कल ती कितीशी लागते, असं मी आदल्या दिवशी बाबांना ठणकावून सांगितलं होतं. आई जन्मभर सिनेमे काढत आली, मी तिची मुलगी, आणि तिच्या शेवटच्या सिनेमातला एकच शॉट राहिला होता. तो झाला की सिनेमा पुरा.

आईला बॅलेचं वेड. स्वतः कधी नाचली नाही, पण तिच्या सिनेमातला कारकूनही कपाटाकडे असा जायचा, जणू पडदा नुकताच वर गेलाय. घरातही तेच. मी फ्रिजपासून टेबलापर्यंत सरळ आले की म्हणायची, "पोतं आणून टाकल्यासारखी काय येतेस? वळ जरा." नटांना ती संवाद शेवटी द्यायची, आधी पावलं. त्यासाठी फरशीवर निळ्या चिकटपट्ट्या लावायची, आणि तालमीला नट नसला की बाबांना उभं करायची.

राहिलेला शॉट आमच्याच स्वयंपाकघरातला होता. प्लंबर नळ दुरुस्त करतो, पाण्याचा ग्लास घेतो आणि टेबलाला वळसा घालून, कशालाही न लागता, खिडकीपाशी जातो. पट्ट्या लावून झाल्या आणि आई गेली. तेव्हापासून मी फरशी पट्ट्यांच्या कडेकडेने पुसत होते. बाबा त्या ओलांडून चहा करायचे.

फक्त पाठच दिसणार, म्हणून मी एक नवा नट ठरवला. पण शूटिंगच्या सकाळी नळ खरोखरच गळायला लागला, म्हणून खरा प्लंबरही बोलावला. हे बाबांना सांगितलं. कॅमेरावाल्या काकांना सांगायचं राहिलं.

आधी आला प्लंबर. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "वा, पिशवीसुद्धा अगदी खरी वाटतेय," म्हणाले, आणि त्याला हॉलमध्ये मेकअपवाल्या बाईंच्या हवाली केलं. "मानेला पावडर लावा. आणि तुम्ही, बोलावल्याशिवाय हलायचं नाही."

मागोमाग नट आला, हातात पान्हा घेऊन. त्याच्या वाट्याला बाबा आले.

"किती उशीर! हा बघा, इथून गळतोय."

"लगेच सुरू करू?"

"मग काय, मी गळणं थांबायची वाट बघू?"

नट भूमिकेत शिरणाऱ्यांपैकी होता. तो सिंकखालीही शिरला.

मी पोचले तेव्हा फवारा छताला लागत होता आणि नट दोन्ही हातांनी पाइप आवळून बसला होता. "मॅडम, हे स्क्रिप्टमध्ये आहे ना?"

जुन्या पट्ट्यांचा चिकटपणा कधीच सुकला होता. त्या एकेक सुटल्या आणि तरंगत दाराकडे निघाल्या. मी गुडघ्यांवर बसून पकडू लागले, पण हातात आलेली पट्टी कुठली, हे फक्त आईला माहीत.

"गेलं सगळं, बाबा."

"अगं, मला विचार ना," बाबांनी पायजमा खोचला. "तालमीत मलाच नाचवलंय तिने. नवी पट्टी घे आणि माझ्या मागे ये."

आईची ठरलेली धून बेसूर गुणगुणत ते सिंकपासून निघाले. ग्लास घेतला, टाचा किंचित उचलल्या, टेबलाच्या कोपऱ्याशी खांदा आत घेतला. हाच माणूस कोरड्या पायपुसण्याला अडखळतो. मी मागून रांगत पट्टी लावायला गेले. ओल्या फरशीला ती चिकटेना. मग नुसतीच बघत राहिले. बाबा खिडकीपाशी पोचले तेव्हा ग्लासातलं पाणी हललंही नव्हतं.

"कट," दारातून काका म्हणाले.

"काका, कॅमेरा चालू होता? अहो, मी त्यात रांगतेय!"

"कमरेच्या वरचं घेतलंय. झाला सिनेमा."

बाबा पाठमोरेच राहिले. खिडकीकडे बघतच म्हणाले, "ती म्हणाली असती, परत एकदा."

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला.

"मला हलू नका सांगितलंय. पण पाणी आता माझ्या खुर्चीखाली आलंय. मेन कॉक बंद करू, की तेही शूटिंगमध्ये आहे?"