नुसता चिखल कुठं असतो?

वैजनाथअप्पांच्या कापडदुकानात कुणी चिखलाच्या पायांनी चढलं, तर अप्पा रागावत नसत. उलट त्यांचा चेहरा उजळायचा. कात्री बाजूला ठेवून ते गादीवरून खाली उतरायचे, एक बोथट सुरी घ्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या चपलेचा चिखल जुन्या वर्तमानपत्रावर खरवडून घ्यायचे. बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि विचारायचे, "हे काय हाय?"

"चिखल हाय, अप्पा."

"नुसता चिखल कुठं असतो? मी तुमाला नुसतं कापड देतो का? धोतर हाय, खण हाय, पॉपलीन हाय, मांजरपाट हाय. नाव सांगा नाव!"

मी दिंद्रुडला शाळेवर मराठी शिकवायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या बुटांची अशी झडती झाली. टॉवेल घ्यायला गेलो होतो. अप्पांनी बूट हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "सर, तुमी सडकेनं आला न्हाईत. शाळेच्या मागून, नालीकडून आलात. हा रेंदा हाय. काळा, गुळगुळीत, वास मारणारा. सडकेवर असतो त्यो राडा."

मी खरंच मागून आलो होतो. मराठीचा मास्तर असल्यामुळे मीही मागे हटलो नाही. 'कर्दम' आणि 'पंक' असे दोन भारी शब्द पुढं केले. अप्पांनी ते क्षणभर तोंडात घोळवले आणि मान हलवली.

"पुस्तकातले हायत. हाताला लागत न्हाईत."

तेव्हापासून आमची मैत्री झाली.

अप्पांचे खिसे कायम जड. त्यांत काड्यापेट्या, आणि काड्यापेट्यांत माती. प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव लिहिलेलं. चोपण, बरड, पोयटा. धारूरला एका लग्नाला गेले, तर येताना डोंगरातला मुरूम पेढ्याच्या खोक्यात भरून निघाले. नवरीच्या मामांनी कौतुकानं खोकं उघडलं आणि पेढा समजून खडा उचलला. तो दातापर्यंत गेल्यावर अप्पा धावत आले. म्हणाले, "खाऊ नका, लई चांगला हाय!"

एकदा त्यांनी दूध घालायला आलेल्या गवळ्याला विचारलं, "मळई कुठं मिळंल?"

"मलई? पाव किलो पुरं का?"

"मलई न्हाई बे, मळई! पूर उतरल्यावर नदी काठाला ठिऊन जाते ती!"

गवळ्यानं दुधाचं माप किटलीला अडकवलं आणि पुढच्या घराकडं गेला.

मला गंमत वाटायची ती वेगळीच. अप्पा काही शेतकरी नव्हेत. त्यांचं घराणं परळीचं, तीन पिढ्या कापडाच्या धंद्यात. "मातीतलं मला काय कळतंय?" ते स्वतःच सांगायचे. "परळीत वीजकेंद्राची राख उडती, तितं आमी दोनच शब्द शिकलो. राख आन् लई राख." मग हा छंद कुठून लागला, असं विचारलं की ते कापड मोजायला घ्यायचे.

त्यांची बायको, महानंदाकाकू, दोन वर्षांपासून लकव्यानं अंथरुणाला होत्या. मुलगा नोकरीनिमित्त दूर. तेव्हा अप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर थोडंसं मीही.

दिवाळीनंतर एकदा दुकान सलग तीन दिवस बंद दिसलं. मी मागच्या दारानं घरात गेलो. दार लोटलेलंच होतं. आत बाजेवर काकू उशीला टेकून बसल्या होत्या. अंगात ताप होता, उजवा हात मांडीवर निपचित. अप्पा जमिनीवर उकिडवे बसले होते. त्यांनी एक काड्यापेटी उघडली, चिमूटभर माती काकूंच्या डाव्या तळव्यावर ठेवली आणि त्यांची बोटं हळूच मिटवली.

काकू बराच वेळ ती चोळत राहिल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"पो... य... टा."

"बराबर!" अप्पा लहान पोरासारखे हसले. मग त्यांना मी दिसलो.

बाहेर ओट्यावर येऊन त्यांनी सांगितलं ते असं. लकव्यानं काकूंची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, त्यांना बोलतं करा. अप्पांनी सगळं करून पाहिलं. मुलाचं नाव, देवाचं नाव, स्वतःचं नाव. सात महिने एक अक्षर नाही. मग एके दिवशी बेलाच्या रोपाची कुंडी बाजेशेजारी फुटली. काकूंनी सांडलेली माती डाव्या हातानं उचलली आणि म्हणाल्या, "पांढरी."

"मी बगतच राहिलो, सर. ती गंगथडीची. बापाच्या शेतात वाढलेली. बाकी समदं गेलं, पण हे तेवढं आत कुठंतरी ऱ्हायलंय. म्हणून आणत गेलो. एक माती, एक शब्द. आता एकवीस झालेत."

"मग गावाला सांगत का नाही? लोक तुम्हाला वेडं म्हणतात."

"म्हणू द्या की. खरं सांगितलं तर रोज इचारतील, सुधरल्या का काकू? आन् मी रोज काय सांगू? त्यापरीस येडा बरा."

 मी विचारलं, "मळई मिळाली का?"

"न्हाई. तिच्या माहेरची पायजे. पण दिवसभर हिला सोडून जायचं कसं?"

रविवारी माझी बायको काकूंजवळ बसली आणि मी अप्पांना मोटारसायकलवर घातलं. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. काकूंचे भाऊ गुरुलिंगअण्णा काठावर आमची वाट पाहत उभे होते. पाणी उतरून पात्राच्या कडेला ओला, मऊ, तांबूस पट्टा उघडा पडला होता.

"दाजी, कडंचीच घ्या. आत जाऊ नका, पाय फसतील."

अप्पांनी ऐकलं नाही. "कडंला माणसाचे पाय पडलेत. कोरी पायजे." ते पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी सरळ आत शिरले आणि मांडीपर्यंत रुतले. मी आणि अण्णांनी मिळून त्यांना ओढून काढलं. दोन्ही हातांची ओंजळ मात्र त्यांनी सोडली नव्हती.

परत येईपर्यंत दुपार कलली. ओल्या फडक्यात बांधलेला गोळा अप्पांनी काकूंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दाबला, वास घेतला, डोळे मिटून गालाला लावला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही सगळे शब्दाची वाट पाहत होतो. तो काही येईना.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "घाई न्हाई."

काकूंनी डोळे उघडले. त्यांची नजर अप्पांच्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि थांबली. कपाळाला आठी पडली. जीभ अडखळली, पुन्हा सावरली.

"केवढं... मळवलं... धोतर."

 अप्पा खालीच बसले. दोन्ही हातांनी त्यांनी धोतराचा तो चिखलानं माखलेला काठ धरला आणि मान हलवत राहिले. "हो, मळवलं. मळवलं बग. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "काय अप्पा, आज लई खुशीत? काय झालं?"

अप्पांनी गादीवर मांडी ठोकली, टोपी नीट केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काल बायकोची बोलणी खाल्ली!"