इथे माणूस येतोय!

“पैसे मोजून पुढच्या रांगेत कुणीही बसेल. फुकटात पुढं बसायला अक्कल लागते!”

हजेरी हे नेहमीच म्हणायचा. त्या दिवशी तो हे होणाऱ्या सासऱ्यांसमोर म्हणाला. होणाऱ्या म्हणजे अजून न झालेल्या.

हजेरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि उरलेल्या वेळात शहरात जे जे फुकट असेल तिथं हजेरी लावायचा. बागेतला बँड, वाचनालयातलं व्याख्यान, नगरभवनातलं गाणं, झालंच तर ‘गुडघेदुखी आणि आपण’. त्याचे गुडघे ठणठणीत होते, पण प्रवेश विनामूल्य होता ना! एकदा तर तो गरोदर महिलांच्या मार्गदर्शन शिबिरात शेवटपर्यंत बसला आणि वर दोन शंकाही विचारून आला.

त्याचं जिच्याशी जमलं होतं ती औषधांच्या दुकानात होती. मित्रमंडळी तिला ‘औषध’ म्हणायची, कारण तिचं नाव काढलं की हजेरीचं डोकं दुखायचं थांबायचं. तिचे वडील मात्र भलतंच दुखणं होते. त्यांचा खुर्च्यांचा कारखाना होता. अख्खं शहर त्यांना ‘खुर्चीवाले’ म्हणायचं आणि ते अख्ख्या शहराला बसण्यावरून ओळखायचे. पाठ टेकून बसणारा आळशी, काठावर बसणारा लबाड, आणि बसल्या बसल्या पाय हलवणारा? त्याच्याबद्दल ते बोलायचेच नाहीत. नुसतं पायाकडे बघायचे. हजेरीने पाय हलवायचा थांबवला.

“पगारबिगार मी विचारत नाही,” खुर्चीवाले म्हणाले. “रविवारी आम्हां सगळ्यांना कुठंतरी घेऊन जा. जो माझ्या माणसांना एक संध्याकाळ धड बसवू शकत नाही, तो माझ्या मुलीचा संसार काय उभा करणार?”

“काका, नगरभवनात जादूचे प्रयोग आहेत. विनामूल्य! पहिली रांग माझी जबाबदारी!”

“मला पडदा पडेपर्यंत बसायला मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर विषय तिथंच संपला.”

दारापर्यंत सोडायला आलेली औषध कुजबुजली, “अरे, बाबा आयुष्यात कधी उभं राहून फोटोसुद्धा काढत नाहीत. जमेल ना?”

“तू फक्त तयार होऊन ये!” हजेरी म्हणाला. याच वाक्यावर जगातली निम्मी संकटं उभी आहेत.

रविवारी तो चांगला तासभर आधी पोचला. बघतो तर काय, मागच्या रांगा भरत आलेल्या आणि पहिली रांग रिकामी! शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. आपल्या माणसाला आनंद झाला.

वास्तविक ती रांग एक बिल्लेवाला स्वयंसेवक कुणासाठी तरी राखून उभा होता. पण नेमका तो चहाला गेला होता. हजेरीने मधल्या सहा खुर्च्या मोजल्या: काका, काकू, दादा, वहिनी, आत्या आणि औषध. पहिल्या खुर्चीवर त्याने रुमाल टाकला, दुसरीवर जेवणाचा डबा ठेवला, तिसरीवर डावा बूट, चौथीवर उजवा बूट...

“ए, ए, ए!” मागून आवाज आला. दुसऱ्या रांगेत एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. “एका जोडाला एकच खुर्ची!”

“असा कुठं नियम आहे?”

“इथं मी तुझ्या जन्माआधीपासून येतेय. बूट जोडीनं मोजतात. उचल डावा!”

हजेरीने डावा उचलून उजव्याशेजारी ठेवला. मोज्यांचीही जोडीच धरली गेली. मग पट्टा कामी आला. तरी एक खुर्ची उरलीच! ती नेमकी बरोब्बर मधली, खुर्चीवाल्यांची. आणि स्वेटरवाल्या बाईंनी आपली पिशवी काखेत मारून उठायची तयारीसुद्धा केली होती.

हजेरीने इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, डोळे मिटले आणि शर्ट काढून खुर्चीला घातला. अगदी गुंड्या लावून.

“ती रांग कुणाची तरी आहे हं,” बाई म्हणाल्या.

“हो. माझीच!”

पुढचा तासभर तो बनियनवर, अनवाणी, एका हाताने पँट धरून त्या सहा खुर्च्यांपुढं येरझाऱ्या घालत होता. कुणी जवळ फिरकलं की ओरडायचा, “इथे माणूस येतोय!” त्याचा अवतार बघून लोकही वाद घालत नव्हते. ज्याने कपडे उतरवलेत तो आणखी काय काय करील याचा भरवसा नसतो.

चहा पिऊन बिल्लेवाला परत आला तोवर मंडळी येऊन बसलीसुद्धा होती आणि त्यांचं बघून उरलेली रांगही भरली होती. खुर्चीवाले तर शर्टावरच बसले. खुर्ची कुरकुरली. त्यांनी हात खाली घालून तिचे पाय चाचपले. “चालेल,” ते म्हणाले. हजेरीला गंगेत घोडं न्हाल्यासारखं झालं.

“काका, जरा उठता का? माझा शर्ट...”

“एकदा बसलो की मी उठत नाही,” खुर्चीवाले म्हणाले.

आत्यांच्या पिशवीची चेन तुटली होती. त्यांनी पट्टा पिशवीला गुंडाळून घट्ट आवळला आणि म्हणाल्या, “किती विचार करतो हो पोरगा! पट्टासुद्धा आठवणीनं आणला!” बूट वहिनींच्या पायांनी मागं सरकले, तिथून स्वेटरवाल्या बाईंनी आणखी मागं सरकवले, आणि दिसेनासे झाले.

“तू कुठं बसणार?” औषधने विचारलं.

हजेरीने रांगेवरून नजर फिरवली. सहा खुर्च्या, सहा माणसं. स्वतःला तो मोजायलाच विसरला होता!

“मी... मी मागे आहे!” तो म्हणाला.

मागं उभं राहायला गेला तर बिल्लेवाल्याने हटकलं. “उभं राहायचं नाही. बसून घ्या.”

“कुठं बसू?”

“ते मला काय विचारता? बसा नाहीतर बाहेर व्हा!”

बाजूचं दार बाहेरचं समजून हजेरी शिरला तो थेट रंगमंचामागं. तिथं जादूगाराची बायको डोक्याला हात लावून उभी होती. बनियन, अनवाणी पाय आणि हातात धरलेली पँट बघून तिचा चेहरा उजळला.

“आलास का एकदाचा! दुपारपासून वाट बघतेय. बरं झालं, कपडे काढूनच आलास. चल, आत बस!”

मंडळी, तासभर उभ्या असलेल्या माणसाला कुणी ‘बस’ म्हणालं, तर तो कुठं, कशाला, तुम्ही कोण, असले प्रश्न विचारत नाही. हजेरी बसला. कपाटाएवढी एक काळी पेटी होती, तिच्या मागच्या चोरकप्प्यात.

“रिकाम्या पेटीतून माणूस! लक्षात ठेव. ते ‘प्रकट हो’ म्हणाले की ही फळी ढकलायची आणि दोन्ही हात वर करून उभं राहायचं,” असं म्हणून बाईंनी फळी लावून घेतली. आत मिट्ट काळोख झाला.

तिकडं पडदा वर गेला. टाळ्या पडल्या. खुर्चीवाल्यांनी मान वळवून पाहिलं. “जावई कुठाय?”

“इथंच असेल,” औषध म्हणाली.

“माणसं बसवली आणि पळाला. हे लक्षण बरं नाही.”

एवढ्यात जादूगार पुढं आला. “पेटी रिकामी आहे! खात्री करायला पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी वर यावं. कुणीही! तुम्ही या ना, मधले!”

आता इथं सांगायला हवं, की पहिली रांग राखली होती ती जादूगाराच्या मेहुण्यांसाठी. त्यांनी वर यायचं, पेटीवर दोन टकटक करायच्या आणि ‘भक्कम आहे!’ म्हणून खाली जायचं, असं घरी ठरलं होतं. मेहुणे आले, रांग भरलेली पाहिली आणि ‘सुटलो!’ म्हणून घरी गेले. डोळ्यांवर दिव्यांचा झोत आलेल्या जादूगाराला यातलं काही दिसत नव्हतं.

खुर्चीवाले उठले. एरवी उठले नसते, पण लाकडाचा प्रश्न होता.

त्यांनी पेटीवर एक टकटक केली. दुसरी केली. तिसरी केली. कान लावला. आत जाऊन वास घेतला.

“भक्कम आहे ना?” जादूगाराने हसत विचारलं.

“डोंबल भक्कम! ही मागची फळी बघा, केवढी हलतेय! कुणी केलंय हे काम?”

“असू द्या, काका. तुम्ही खाली...”

“असू कशी द्या? कुणाच्या अंगावर पडली म्हणजे?” असं म्हणून खुर्चीवाल्यांनी खिशातून पेचकस काढला. दुसऱ्या खिशातून स्क्रू काढले. ते लग्नाला गेले तरी हे सामान बरोबर न्यायचे आणि जेवणाआधी यजमानांची दोन-चार टेबलं तरी दुरुस्त करायचे.

काळोखात हजेरीच्या नाकासमोर काहीतरी कुरकुरलं. मग नाकाला टोचलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात कुरकुरलं.

“आता हत्ती टेकला तरी हलणार नाही!” खुर्चीवाले म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जादूगारही हसत होता. त्याचा चेहरा तेवढा पांढरा झाला होता.

“रिकाम्या पेटीतून... प्रकट हो!”

कुणी प्रकट झालं नाही.

“प्रकट हो!!”

आतून धडधड आवाज आला.

“अहो, प्रकट व्हा की हो!” जादूगार कळवळून म्हणाला.

तेव्हा रिकाम्या पेटीतून बारीक आवाज आला. “काका, स्क्रू!”

खुर्चीवाल्यांनी पेटीला कान लावला. “कोण आहे?”

“मी, काका. हजेरी.”

“आत काय करतोयस?”

“बसलोय.”

“कशावर?”

“उकिडवा.”

प्रेक्षकांना वाटलं, काय प्रयोग आहे! एवढं जिवंत बोलणं! टाळ्या कडाडल्या. खुर्चीवाल्यांनी पेचकस लावून एक आटा फिरवला आणि थांबले. अशी संधी पुन्हा येत नाही. समोरचा माणूस पळू शकत नव्हता आणि पायही हलवू शकत नव्हता.

“तुझ्या घरी खुर्च्या किती?”

“दोन, काका.”

“लाकूड कुठलं?”

आतून नुसती खुडबुड ऐकू आली.

“लाकूड कुठलं म्हणतो मी!”

“...प्लास्टिक.”

पेचकस उलटा फिरला. स्क्रू पुन्हा आत गेला.

“बाबा!” औषध किंचाळली.

“बदलतो, काका! सगळं घर लाकडी करतो! ताटंसुद्धा लाकडी आणतो! उघडा हो, कानाला कोपर लागलंय माझं!”

खुर्चीवाल्यांनी सावकाश, एकेक करत सगळे स्क्रू काढले. फळी पडली. सांगितल्याप्रमाणे हजेरी उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे त्याने दोन्ही हात वर केले.

पँट धरायला तिसरा हात नव्हता.

सभागृह उठून उभं राहिलं! शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या! या शहरात फुकटात इतकं कुणी कधी दिलं नव्हतं. आत्यांना सगळा उलगडा झाला. त्या पट्ट्यासकट पिशवी उंच धरून ओरडल्या, “अगं बाई, तो बांधायचा होता होय!”

या गोंधळात खुर्चीवाले खाली उतरले आणि जागच्या जागी थबकले. त्यांच्या खुर्चीवर, हजेरीच्या शर्टावर, स्वेटरवाल्या बाई विणत बसल्या होत्या.

“बाई, ही माझी जागा आहे.”

“उठला की गेली. नियम आहे.”

खुर्चीवाले उभे! भरल्या सभागृहात उभे! औषधचा चेहरा उतरला. काकूंनी डोळे मिटले. हजेरीने वरून हे पाहिलं. एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हाताने त्याने ती अख्खी पेटी आडवी पाडली, बनियनच्या टोकाने पुसली आणि घसा ताणून ओरडला, “काका, वर या! इथे माणूस येतोय म्हणून सांगून ठेवलंय मी!”

खुर्चीवाले वर आले. पेटीवर बसले. जरा मागंपुढं डुलून पाहिलं. पेटी हलली नाही. हलणार कशी? स्क्रू काढलेली फळी त्यांनी बसण्याआधी पुन्हा ठोकून घेतली होती.

उरलेला कार्यक्रम त्यांनी रंगमंचावर अगदी पुढं, मधोमध बसून पाहिला. जादूगाराचे पुढचे सगळे प्रयोग त्याच पेटीतले होते, त्यामुळं त्याने रुमालातून फुलं काढली, मग तीच फुलं रुमालात घातली, मग पुन्हा काढली. पडदा पडला, तो खुर्चीवाल्यांच्या मागं पडला. तरी ते बसूनच होते.

“बसायला मिळालं,” शेवटी ते म्हणाले. “मुलगी दिली. लग्नातल्या खुर्च्या मात्र मी मांडणार.”

त्यांनी मांडल्याही. एकूण एक सागवानी! लग्नाच्या दिवशी हजेरी नवा शर्ट आणि दोन पट्टे लावून मांडवात शिरला. नवरीशेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर एक रुमाल होता आणि बाजूला आत्या पहारा देत होत्या. तो बसायला वाकला, तोच आत्यांनी त्याच्याकडं न बघताच हात आडवा घातला.

“थांबा! इथे माणूस येतोय!”

आणि आपला माणूस सवयीने “सॉरी हं” म्हणून मागं जाऊन उभा राहिला.