परबकाकांचा पवित्रा

परबकाका माणसाचे आधी पाय बघतात. चेहऱ्याचा नंबर बराच उशिरा लागतो. आमच्या वाडीतल्या एका लग्नात अंतरपाटाआडून नवरदेवाला त्यांनी भर मंगलाष्टकांत हाक मारली होती, "गुडघो सैल सोड, झिला! डावा पाय पुढे!" नवरदेवाने सोडला. भटजींनीही सोडला. पुढची मंगलाष्टकं दोघांनी एक पाय पुढे टाकूनच संपवली, आणि अख्खा मांडव किंचित डावीकडे झुकला होता असं मी शपथेवर सांगतो.

या सगळ्याचं मूळ पूलच्या, म्हणजे स्टिकने बॉल भोकात घालायच्या खेळाच्या, टेबलात आहे. काकांचं आयुष्य गेलं गोदीत, जहाजं रंगवण्यात. निवृत्त झाल्यावर पेन्शनर मंडळी बागेत जातात. काका कॉटन ग्रीनला बबनच्या पूल पार्लरमध्ये जायला लागले. जुन्या गोदामात तीन टेबलं, वर पंखा, कोपऱ्यात चहा. संध्याकाळी चारच्या ठोक्याला काका हजर. स्वतः स्टिकला कधी हात लावला नाही. काम एकच, दुसऱ्याला उभं करणं.

"पाय रोव, मेल्या! जहाज हललां तरी माणूस हलूक नये!"

टेबल हलत नाही, जमीन हलत नाही, गोदाम तर इंग्रजांच्या काळापासून हललेलं नाही. पण काका सगळ्यांना भरतीच्या लाटेवर उभं राहायला शिकवत. आमच्या पार्लरची पोरं गिरगावात खेळायला गेली तर तिथले दारातूनच ओळखत, "आले रे आले खलाशी!" आणि मग हेच खलाशी त्यांना धुऊन काढत, हेही खरं.

पायांनंतर हात. डावा पंजा टेबलावर दाबून काका एकेक बोट जागेवर बसवत. "बोटां पसर. तळवो टेक. अंगठो उचल, त्या खाचेत स्टिक निजली पाहिजे, निजली! लोंबकळता नये." तोवर मागचं गिऱ्हाईक वडापाव खाऊन, हात धुऊन परत आलेलं असे.

भानगड इथेच झाली. एका सुटाबुटातल्या गिऱ्हाइकाची हनुवटी काकांनी ऐन शॉटच्या वेळी मागून स्टिकवर दाबली. तो स्टिक फेकून गेला. बबन भडकला.

"काका, बस झालं! रविवारी सगळ्यांसमोर एक बॉल घालून दाखवा. गेला तर खुशाल शिकवा. नाही गेला तर इथे पाऊल टाकायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

रविवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. भोकाच्या तोंडाशी बसलेला लाल बॉल. फुंकर मारली असती तरी गेला असता. काकांनी पवित्रा घेतला. काय तो पवित्रा! पाय खांबासारखे, पंजा पोलादी, हनुवटी स्टिकला टेकलेली. पंखासुद्धा हळू फिरायला लागला. काकांनी श्वास सोडला, स्टिक सुटली, पांढरा बॉल लालला वळसा घालून टेबलावरून उडाला आणि थेट बबनच्या चहात पडला.

कुणी हसलं नाही. काकांनी स्टिक जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले.

चार दिवस पार्लर सुतकात. पाचव्या दिवशी बबनच मला म्हणाला, "जा रे, घेऊन ये म्हाताऱ्याला. सगळे सरळ उभे राहतायत, बघवत नाही."

मी परळला त्यांच्या खोलीवर गेलो. काका खिडकीशी बसले होते. ओट्यावर एकच कप, एकच बशी. काकी जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा बंगलोरला.

"बबन बोलावतोय, काका."

"शब्द म्हणजे शब्द. मी आता कोणाक शिकवूचंय नाय."

"बरं. पण माझा डावा हात घसरतोय हल्ली." मी जेवणाच्या टेबलावर पंजा ठेवला, मुद्दाम मेलेल्या खेकड्यासारखा.

काकांनी तोंड फिरवलं. परत बघितलं. पुन्हा फिरवलं. शेवटी राहवलं नाही. "शिरा पडो तुझ्या पंज्यावर! असो धरतत?" म्हणत उठले, आणि माझं एकेक बोट उचलून जागेवर ठेवू लागले. करंगळी. मधलं. तळवा दाबला. अंगठा उचलला. रंगाने कायमच्या चिरा पडलेले ते हात ऊबदार होते.

मिनिटभरात पंजा झकास बसला. माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही आलं असणार. पण त्यांनी हात काढला नाही. खालून एक बस गेली, खिडकी थरथरली.

"चार दिवसांत कोणाच्या हाताक हात लागलो नाय रे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. मग घसा खाकरून, मास्तरी आवाजात, "अजून घसरतोय काय?"

अजिबात घसरत नव्हता.

"घसरतोय, काका," मी म्हटलं.