कळंबचा लाल ठिपका

कळंबच्या उकिरड्यात मी कधीच हात घातलेला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा.

उकिरडे तपासायला लावणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी रशीदभाई. आर्णीत मोटरसायकली दुरुस्त करतात. गिऱ्हाईक आलं की गाडीचं नंतर, आधी, "कोन्या गावचे जी? उकिरडा वला हाय का सुकला?"

कारण एक किडा. काळा, आखूड पंखांचा; डिवचला की शेपूट विंचवासारखं वर करतो. शेणातल्या माश्यांच्या अळ्या खातो. कृषी महाविद्यालयातले एक प्राध्यापक त्याला बघून म्हणाले, "हा आपल्याकडचा नाही, परदेशातून आलाय." झालं! रशीदभाईंनी त्याचं नाव 'पाव्हणा' ठेवलं आणि गॅरेजच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा काढला. पाव्हणा सापडेल त्या गावावर लाल ऑइलपेंटचा ठिपका. "सावली पाह्यजे, वल पाह्यजे, शेन ताजं पाह्यजे. नवाब हाय थो!"

पुतण्यासाठी वणीला मुलगी पाहायला गेले, तर सरबत येईपर्यंत हे परसात शेण उकरत बसलेले. मुलीचा बाप ओरडला, "मियाँ, पोरगी इकडं हाय!" लग्न जमलं, कारण किडा मुलीनंच पकडून दिला.

मी कळंबला सासुरवाडीला निघालो तेव्हा म्हणाले, "मास्तर, जाऊनच राह्यले तं तेवढं पाहून या." मी गेलो जावई म्हणून, पांढऱ्या पँटीत. परत येऊन ठोकून दिलं, "दोन दिसले." त्यांनी मला मिठीच मारली आणि ठिपका दिला.

मग दर शुक्रवारी गॅरेज बंद ठेवून ते कळंबला जाऊ लागले. पाव्हणा काही सापडेना. एक गिऱ्हाईक हसलं, "मास्तरनं फेकली असन, चाचा."

रशीदभाई भडकले. "मास्तर कायले खोटं बोलतीन? माहे डोयेच गेले!"

तेव्हापासून त्यांनी कार्बोरेटरला हात लावलेला नाही. बारीक कामाची गाडी आली की परत पाठवतात. भाभी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आता गॅरेजातही फारसं कुणी येत नाही. परवा चहा देताना म्हणाले, "इतक्या वर्सांत माह्यासाठी उकिरड्यात हात घालनारे तुमी एकलेच, मास्तर."

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

रशीदभाईंचे डोळे शाबूत आहेत. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.