दुखणं झोपलंय, गेलं नाही

आमच्या सोसायटीत कुणी गालाला हात लावून दिसलं की मोहितेकाका त्याला वाटेतच अडवतात. "आ कर," म्हणतात आणि शर्टाच्या खिशातून छोटी बॅटरी काढतात. एकदा कुरियरवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. पार्सल राहिलं बाजूला, काका जिन्यात त्याच्या अक्कलदाढेत डोकावत उभे!

काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. एकटेच राहतात. त्यांचे उपाय साधे. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून गालाला आणि कापसावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब. "एक म्हणजे एकच. हिरडी भाजायची नाहीये आपल्याला."

एवढ्यावर थांबले तर ते काका कसले? दाढ दुखायची थांबल्यावर समोरच्या हंसाबेन सांगत होत्या, "काका, हवे सारुं छे, आता बरं आहे." काका हटेनात. "सारुं नथी, बेन. दुखणं झोपलंय, गेलं नाही. चला डॉक्टरकडे." आणि खरंच स्कूटर काढली. दवाखान्यात काकांचं कमिशन असणार, असं निम्म्या सोसायटीचं मत होतं. खरं सांगायचं तर माझंही.

यंदा मार्चमध्ये माझीच दाढ ठणकायला लागली. मी शाळेत शिकवते, परीक्षा तोंडावर आलेल्या. काकांच्या लवंगेनं दोन दिवसांत आराम पडला आणि मी डॉक्टरांचा विषय सोडून दिला. काका मात्र रोज सकाळी दारात हजर. "सुनीता, चल."

चौथ्या दिवशी गाल सुजला. हे कोयलीच्या रिफायनरीत ड्यूटीवर गेलेले, टेबलावर पेपरांचा गठ्ठा, आणि दारात पुन्हा काका. माझं डोकंच फिरलं.

"काका, तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?"

ते हळूच उंबऱ्यावर टेकले.

"तुझ्या काकूलाही मीच लवंग दिली होती," ते म्हणाले. "आठ दिवस. तिला बरं वाटायचं, म्हणून मीही खूश. म्हणायची, तुमच्या हाताला गुण आहे. गाल सुजला तेव्हा मी म्हटलं, उद्या उतरेल. सूज गळ्यात उतरली, पोरी. गिळता येईना तिला. डॉक्टर एवढंच म्हणाले, आधी का नाही आणलंत?"

काकू आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. तापानं गेल्या, एवढंच मी ऐकलं होतं.

मी पेपर तसेच ठेवले आणि चप्पल घातली.

दाढेच्या मुळाशी पू झाला होता. डॉक्टरांनी दाढ काढली, औषधं दिली. काका बाहेर बाकावर बसून होते. घरी आल्यावर ते सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरले, मऊ खिचडी शिजवली, निववली आणि वाटी माझ्या हातात दिली. मी खात होते तोवर समोर बसून प्रत्येक घास बघत राहिले.

"गिळताना दुखतंय?"

"नाही, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी रिकामी वाटी माझ्या हातातून घेतली, आत नेली आणि नळ सोडला. एवढीशी वाटी, पण नळ बराच वेळ चालू होता. मी आत गेले नाही.